सामायिक कौशल्य-डेटा सेवेचा तांत्रिक सल्लागार गट : नेमकं लक्ष कशावर ठेवायचं?

टाचणी (धागाकर्ता) :

नमस्कार मंडळी. काही शिक्षणसंस्था, प्रशिक्षण देणारे आणि नोकऱ्या देणाऱ्या कंपन्या मिळून कौशल्यांच्या डेटाची एक सामायिक सेवा चालवतात. म्हणजे प्रत्येकाने आपापली यादी एका रजिस्ट्रीत (सामायिक नोंदवहीत) टाकायची, प्रत्येक कौशल्याला स्वतंत्र आयडी मिळतो, ती यादी एपीआयवरून (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडून डेटा मागायची सोय) कोणालाही वाचता येते आणि मग अभ्यासक्रम, नोकरीच्या जाहिराती, डिजिटल बॅज (कौशल्याची ऑनलाइन प्रमाणपत्रं) हे सगळे त्या आयडीकडे बोट दाखवतात. या सेवेच्या तांत्रिक सल्लागार गटात मी आहे. इथे या क्षेत्रातले बरेच जण आहेत म्हणून हा धागा.

आत्तापर्यंतच्या बैठकांचा बराचसा वेळ एकाच वादात गेला : फॉरमॅट, म्हणजे कौशल्यांची यादी लिहायची ठरलेली रचना, कुठल्या संस्थेची घ्यायची? वन-एडटेकचं केस घ्यायचं, क्रेडेन्शियल इंजिनचं सीटीडीएल-एएसएन घ्यायचं की आयईईईचं १४८४.२०.३ (हे २०२२ मध्ये आलं, कौशल्य-व्याख्यांच्या २००७ च्या जुन्या आरसीडी स्टँडर्डनंतरचं)? माझं स्पष्ट मत, हा प्रश्न दुय्यम आहे. तिन्हींमध्ये शेवटी एक वाक्य असतं, त्याला एक आयडी असतो, वर-खाली नाती असतात आणि मालक कोण ते लिहिलेलं असतं. एकातून दुसऱ्यात नेणारा कन्व्हर्टर लिहिता येतो, थोडंफार सांडतं पण काम होतं.

खरा प्रश्न मला दिसतो तो असा. समजा एका फ्रेमवर्कमध्ये (म्हणजे कौशल्यांच्या एका यादीत) वाक्य आहे, "ग्राहकाच्या तक्रारीची लेखी नोंद करतो". त्यावर शेकडो बॅज दिले गेलेत. पुढच्या वर्षी फ्रेमवर्कच्या मालकाने तेच वाक्य उघडलं आणि लिहिलं, "ग्राहकाच्या तक्रारीची नोंद करून तिचं निराकरण करतो". आयडी तोच ठेवला, व्हर्जन नंबर वाढवला, सेव्ह केलं. आता जुना बॅज घेऊन कोणी मुलाखतीला गेला आणि समोरच्याने लिंक उघडली तर काय दिसणार? निराकरण करता येतं असं दिसणार. त्या माणसाची परीक्षा कधी त्यावर झालीच नव्हती. खोटं कोणीच बोललेलं नाही, पण कागद खोटा झाला. आणि याच्या उलटही होतं, वाक्य सौम्य केलं की जुन्या लोकांनी कमावलेलं कमी दिसायला लागतं, त्यांना तर कळतही नाही.

म्हणून मी म्हणतो, सल्लागार गटाचं पहिलं काम आयडी सांभाळणं. अर्थ बदलला की नवा आयडी, जुन्यावरून नव्याकडे रिप्लेस्ड-बाय नातं, आणि जुनं पान कायम उघडत राहिलं पाहिजे, वर "आता वापरात नाही" असा शिक्का आणि खाली मूळ शब्द जसेच्या तसे. यावर तुमचे अनुभव, विरोध, सगळं येऊ द्या.

कोरा कागद :

आयडीबद्दल पूर्ण अनुमोदन. पण फॉरमॅटचा वाद इतका सहज बाजूला सारू नका, कारण "थोडंफार सांडतं" म्हणालात तिथेच गोम आहे. नेमकं काय सांडतं ते बघा. केस १.० मध्ये दोन वाक्यांतली जुळणी सांगायला एक्झॅक्टमॅचऑफ आहे आणि मग थेट इझरिलेटेडटू, म्हणजे अगदी तेच किंवा काहीतरी संबंध आहे, मधलं काही नाही. सीटीडीएल-एएसएनमध्ये मात्र एक्झॅक्ट, मेजर, मायनर, ब्रॉड, नॅरो अशा वेगवेगळ्या अलाइनमेंट (जुळणीचे प्रकार) आहेत. तुम्ही सीटीडीएलमधून केसमध्ये गेलात तर मेजर आणि मायनर दोन्ही "संबंध आहे" या एकाच डब्यात पडणार. परत उलट आणलं तर कोणतं मेजर होतं ते शोधून काढता येणार नाही.

तेव्हा गटाने निदान एवढं तरी ठरवायला हवं की मूळ प्रत कुठल्या फॉरमॅटमध्ये साठवायची. बाहेर द्यायला तिन्ही फॉरमॅट द्या, पण मूळ प्रत सगळ्यात जास्त तपशील धरणाऱ्या मॉडेलमध्ये.

घारीचं घरटं :

टाचणी, अर्थ बदलला हे ठरवणार कोण? स्पेलिंग दुरुस्त केलं तर नवा आयडी नको हे उघड आहे, आणि तुमच्या उदाहरणात नवा हवा हेही उघड आहे. पण रोजचं काम या दोन टोकांच्या मध्येच असतं. "स्प्रेडशीट वापरून" च्या जागी "योग्य सॉफ्टवेअर वापरून" केलं तर? मी एका प्रशिक्षण संस्थेत याद्या सांभाळायचं काम करते, आमच्याकडे लोक यावर तास तास भांडतात आणि शेवटी ज्याला घरी जायची घाई असते तो हरतो.

टाचणी :

@घारीचं घरटं, प्रश्न एकदम बरोबर. यावर मी एक चाचणी सुचवलीये, पूर्ण नाहीये पण कामाला येते. विचारायचं : जुन्या वाक्यावर पास झालेला प्रत्येक जण, पुन्हा परीक्षा न घेता, नव्या वाक्यावर पास धरता येईल का? आणि उलटही? दोन्हीकडे "हो" असेल तर तोच आयडी. एकीकडे जरी "नाही" किंवा "सांगता येत नाही" आलं तरी नवा आयडी.

तुमच्या उदाहरणात स्प्रेडशीटवाला बहुधा "योग्य सॉफ्टवेअर"मध्ये बसेल, पण दुसरं कुठलंतरी सॉफ्टवेअर वापरून पास झालेला "स्प्रेडशीट"मध्ये बसेलच असं नाही. म्हणजे नवा आयडी, आणि जुनं नव्यापेक्षा अरुंद आहे हे नातं. भांडण संपतं कारण वाद शब्दांवरून हटून माणसांवर येतो, कोणाचं काय होईल यावर.

ठरवायचं मात्र फ्रेमवर्कच्या मालकाने, आम्ही नाही. गटाने चाचणी द्यायची, आणि मालकाने काय उत्तर दिलं ते बदलाच्या नोंदीत दिसलंच पाहिजे अशी सक्ती रजिस्ट्रीत करायची. रकाना रिकामा असेल तर सेव्हच होणार नाही.

रानजाई :

छान धागा. मी मॅपिंगबद्दल, म्हणजे दोन याद्यांतली वाक्यं एकमेकांना जोडण्याबद्दल बोलते, कारण सामायिक सेवेचं आकर्षण लोकांना तेच असतं : तुझी यादी, माझी यादी, मध्ये पूल. आणि सगळ्यात जास्त नुकसानही तिथेच होतं.

डब्ल्यूथ्रीसीचं (वेबची स्टँडर्ड ठरवणारी संस्था) स्कॉस माहीत असेलच, संकल्पनांच्या याद्या आणि त्यांतली नाती लिहायची पद्धत, २००९ पासून अधिकृत शिफारस आहे. त्यात एक्झॅक्टमॅच आणि क्लोजमॅच अशी दोन वेगळी नाती आहेत. फरक लोकांना वाटतो की फक्त खात्री किती याचा आहे. तसं नाहीये. एक्झॅक्टमॅच साखळीने पुढे जातं : अ म्हणजे ब, ब म्हणजे क, तर अ म्हणजे क असं सॉफ्टवेअरला मानायची परवानगी आहे. क्लोजमॅचला ही परवानगी मुद्दाम दिलेली नाही, कारण छोट्या छोट्या चुका साठत जाऊन शेवटी भलतंच निघतं.

आता बघा काय होतं ते. एका संस्थेने लिहिलं "अहवाल लिहितो", दुसऱ्याने "तांत्रिक अहवाल लिहितो", कोणीतरी उत्साहाने एक्झॅक्टमॅच टाकलं. तिसऱ्याने "तांत्रिक दस्तऐवज तयार करतो" हे दुसऱ्याला एक्झॅक्टमॅच केलं. चौथ्याच्या यादीत "सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन लिहितो" आहे, ते तिसऱ्याला जोडलं. प्रत्येक जोडी एकेकटी बघितली तर वाईट वाटत नाही, चालून जाते. पण आता सर्चमध्ये सॉफ्टवेअर डॉक्युमेंटेशन येणारा माणूस शोधला की साधा अहवाल लिहिणारा वर येतो, आणि का आला हे कोणालाच सांगता येत नाही, कारण ते उत्तर तीन संस्थांमध्ये वाटलं गेलंय.

त्यामुळे माझ्या मते गटाने नियम करावा : सेवेत डीफॉल्ट नातं क्लोजमॅच, एक्झॅक्टमॅच टाकायचं तर दोन्ही याद्यांच्या मालकांची संमती. आणि प्रत्येक मॅपिंगच्या कपाळावर लिहिलेलं हवं की कोणी केलं, कधी केलं, दोन्ही बाजूंच्या कुठल्या व्हर्जनवर केलं. तो व्हर्जन नंबर नसेल तर ते मॅपिंग काही काळाने फुकट, कारण एक बाजू हलली की पूल लटकतो.

पायवाट :

रानजाईताई, अगदी मनातलं बोललात. यात मशीनने केलेल्या मॅपिंगचा मुद्दा जोडतो, कारण आता हाताने कोण करतंय?

मी असे प्रयोग करून बघितलेत, वाक्यांचे एम्बेडिंग (अर्थ आकड्यांत मांडणं) काढायचे आणि जवळची वाक्यं जोडायची. बऱ्याच ठिकाणी उत्तम चालतं, माणसाला जे सापडलं नसतं ते सापडतं. पण एका प्रकारात हमखास फसतं. "देखरेखीखाली यंत्राची देखभाल करतो" आणि "देखरेखीशिवाय यंत्राची देखभाल करतो". शब्द जवळपास तेच, विषय तोच, स्कोअर मस्त उंच येतो. प्रत्यक्षात एक शिकाऊ आहे आणि दुसरा स्वतंत्रपणे काम करणारा, आणि कौशल्याच्या यादीत सगळ्यात महत्त्वाचा फरक बहुतेक वेळा याच एका शब्दात असतो : मदतीने, स्वतंत्रपणे, इतरांना शिकवतो, जबाबदारी घेतो. पातळीचे शब्द छोटे असतात आणि मशीनच्या नजरेत हलके पडतात.

म्हणून पातळी वेगळी काढून वेगळी तुलना करावी. आणि तिथेही एकाची पातळी ४ म्हणजे दुसऱ्याची ४ नव्हे बरं का, एसएफआयए या आयटी-डिजिटल कौशल्यांच्या फ्रेमवर्कमध्ये ७ पातळ्या आहेत, युरोपच्या ईक्यूएफ या पात्रता-चौकटीत ८, आणि दोन्ही वेगळ्याच गोष्टी मोजतात, एक कामावरची जबाबदारी आणि दुसरं पात्रतेचा स्तर. मशीनने सुचवलेलं मॅपिंग माणसाने बघेपर्यंत "सूचना" म्हणूनच साठवा, एपीआयमध्येसुद्धा वेगळं दिसू द्या. एकदा का ते मंजूर मॅपिंगच्या ढिगात मिसळलं की परत वेचता येत नाही.

कोरा कागद :

पातळीवरून आठवलं, दाणा किती बारीक, म्हणजे कौशल्य किती तपशिलात तोडलंय, हाही मोठा घोळ आहे. अमेरिकेच्या ओनेट या व्यवसाय-माहितीकोशात "स्किल्स" नावाखाली ३५ घटक आहेत, ॲक्टिव्ह लिसनिंग, क्रिटिकल थिंकिंग वगैरे, आणि प्रत्येक व्यवसायासाठी ते किती महत्त्वाचे आणि कुठल्या पातळीचे याचे आकडे दिलेत. युरोपियन युनियनच्या ईस्को या कौशल्य-व्यवसाय कोशाच्या १.२ आवृत्तीत (मे २०२४) कौशल्य आणि ज्ञान धरून १३,९३९ संकल्पना आहेत. दोन्हीकडे शब्द "स्किल" च आहे. पण एकीकडे सगळ्या व्यवसायांना लावायची मोजपट्टी आहे आणि दुसरीकडे कामांच्या बारीक बारीक वर्णनांचा कोश. या दोघांमध्ये एकास एक जुळणी मागणं म्हणजे प्रश्नच चुकीचा. ईस्को आणि ओनेटचा अधिकृत क्रॉसवॉक (जुळणीचा तक्ता) आहे, तोही व्यवसायांच्या पातळीवर केलेला आहे आणि त्यातसुद्धा मशीनच्या सूचना माणसांनी तपासल्यात.

सल्लागार गटाने प्रत्येक येणाऱ्या यादीला आधी विचारावं : तुझा दाणा काय आणि तू कशासाठी बनलीस? ते मेटाडेटात सक्तीचं करा. नाहीतर सामायिक सेवा म्हणजे निव्वळ मोठा ढीग होतो.

शाईपेन :

तांत्रिक बाजू उत्तम चाललीये, मी गटाच्या बाजूने लिहितो. अशा गटांत बसलोय म्हणून सांगतो, बहुतेक गट ज्ञान कमी पडलं म्हणून फसत नाहीत, त्यांना अधिकार काय हेच लिहिलेलं नसतं म्हणून फसतात. "सल्लागार" म्हणजे सल्ला देणार, मग तो पाळला नाही तर? चालवणाऱ्या संस्थेने लेखी कारण द्यायचं, एवढं एक वाक्य गटाच्या सनदेत असलं तरी फरक पडतो. ते नसेल तर गट चांगल्या सूचना करतो, त्या टिपणात जातात आणि टिपण फोल्डरमध्ये.

दुसरं, गटात कोण. सॉफ्टवेअर विकणारे लोक गटात हवेतच, कारण त्यांना इंटिग्रेशनची खरी दुखणी माहीत असतात. पण ज्याच्या प्रॉडक्टला एखाद्या निर्णयाचा फायदा होणार त्याने तो निर्णय होताना मत देऊ नये, चर्चेत बोलावं. मी एका गटात बघितलंय की एका कंपनीच्या प्रॉडक्टमध्ये आधीपासून असलेला कस्टम रकाना "सगळ्यांच्या सोयीसाठी" मूळ मॉडेलमध्ये घुसला, आणि बाकीच्या सगळ्यांना तो भरत बसावं लागलं.

तिसरं आणि माझ्या दृष्टीने मोठं : ज्यांच्याबद्दलचा हा डेटा आहे त्यांच्यापैकी कोणी गटात असतं का? शिकणारे, कामगार? टाचणी, तुमच्या बॅजच्या उदाहरणात ज्याचा कागद खोटा झाला तो माणूस बैठकीत नव्हता. त्याला एपीआय कळायची गरज नाही, पण "हे बदललं तर माझ्या जुन्या प्रमाणपत्राचं काय" हा प्रश्न त्याच्याइतका लवकर कोणीच विचारणार नाही.

घारीचं घरटं :

शाईपेनच्या तिसऱ्या मुद्द्याला अनुमोदन, आणि त्याच माणसाच्या बाजूने अजून एक. कौशल्याची व्याख्या हा सार्वजनिक डेटा, आणि कोणाकडे ते कौशल्य आहे हा खाजगी डेटा. दोन्ही एका सेवेत, एका डेटाबेसमध्ये ठेवायचा मोह होतो कारण डॅशबोर्ड भारी दिसतात. ठेवू नये. व्याख्येची सेवा कोणालाही उघडी, बिनालॉगिन, आणि माणसांच्या नोंदी त्या माणसाच्या ताब्यात, डिजिटल सही केलेल्या क्रेडेन्शियलमध्ये (प्रमाणपत्रात).

एवढं करूनही एक फट राहते. मुलाखत घेणाऱ्याने बॅजमधली लिंक उघडली की रजिस्ट्रीच्या सर्व्हर लॉगमध्ये दिसतं, अमुक कंपनीच्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) अमुक कौशल्य अमुक वेळी बघितलं गेलं. कौशल्य दुर्मिळ असेल तर कोण मुलाखतीला गेलं होतं ते ओळखता येतं. म्हणून लॉग किती दिवस ठेवायचे, आयपी कापायचे का, हे गटाने लेखी ठरवावं. पूर्ण यादी एकदम डाउनलोड करायची सोय दिली तर हा त्रास खूप कमी होतो, लोक आपल्याकडे प्रत ठेवून त्यातच बघतात. सर्व्हरवरचा भारही उतरतो तो वेगळाच.

पायवाट :

बल्क डाउनलोडला माझेही दोन्ही हात वर. सोबत "कालपासून काय बदललं" ची फीड द्या, नाहीतर लोक प्रत काढून ठेवतात आणि ती तशीच शिळी होते. बाकी अपटाइम, रेट लिमिट वगैरे चालवणाऱ्या टीमवर सोडा, गटाने त्यात वेळ घालवू नये.

टाचणी :

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं ठोस मिळेल असं वाटलं नव्हतं. शाईपेन, शिकणाऱ्यांचा प्रतिनिधी हा मुद्दा मी पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत पहिला टाकतोय. आत्तापर्यंतच्या चर्चेवरून मसुद्यात हे घालतोय, खटकलं तर सांगा :

"प्रकाशित झालेल्या कौशल्याचा आयडी पुन्हा दुसऱ्या कशालाही देता येणार नाही आणि त्याचं पान काढून टाकता येणार नाही. पास झालेल्यांवर परिणाम होईल असा कुठलाही बदल नव्या आयडीनेच होईल. मॅपिंगवर करणाऱ्याचं नाव, तारीख, दोन्ही बाजूंची व्हर्जनं आणि माणसाने तपासलं की नाही हे नसेल तर ते प्रकाशित होणार नाही."

एक प्रश्न अजून डोक्यात आहे. ही सेवाच उद्या बंद पडली तर? निधी संपतो, संस्था विलीन होतात, डोमेनचं नूतनीकरण कोणी करत नाही. सगळे आयडी त्या डोमेनवरचे यूआरएल आहेत. मग "कायम" शब्दाला अर्थ काय उरला?

रानजाई :

याची तयारी पहिल्या दिवशीच करावी लागते, नंतर जमत नाही. आयडी आपल्या डोमेनवर न बनवता रीडायरेक्ट करणाऱ्या तटस्थ पत्त्यावर बनवा. पर्ल ही अशीच सेवा ओसीएलसी या ग्रंथालयांच्या संस्थेने १९९५ मध्ये सुरू केली होती आणि २०१६ पासून ती इंटरनेट आर्काइव्ह सांभाळतंय, म्हणजे चालवणारा बदलला तरी पत्ते चालू राहिले. डब्ल्यूथ्रीआयडी हाही तसाच पर्याय, तिथे कुठला पत्ता कुठे न्यायचा याचे नियम उघड्या रिपॉझिटरीत असतात, त्यामुळे पुढे कोणी दुसऱ्याने सेवा घेतली तर नियम बदलून काम भागतं. आयडीचा आतला भाग यूयूआयडी (अर्थ नसलेला, एकमेव असा लांब कोड) ठेवा, त्यात संस्थेचं नाव, विभाग, वर्ष काहीही घालू नका, कारण पहिल्यांदा बदलतं ते तेच.

आणि दुसरी बाजू बॅज देणाऱ्यांची. ओपन बॅजेस ३.० या डिजिटल बॅजच्या स्टँडर्डमध्ये अलाइनमेंट (बॅज कुठल्या कौशल्याला जोडलाय ते) लिहिताना टार्गेट यूआरएलसोबत टार्गेट नेम आणि टार्गेट डिस्क्रिप्शन भरता येतं. बहुतेक लोक डिस्क्रिप्शन रिकामं सोडतात कारण ते सक्तीचं नाही. तिथे बॅज देतानाचं पूर्ण वाक्य भरायचं. क्रेडेन्शियलवर सही होते तेव्हा ते वाक्यही सहीच्या आत जातं, मग रजिस्ट्री बंद पडो, कोणी वाक्य बदलो, त्या माणसाने नेमकं काय करून दाखवलं होतं ते त्याच्याजवळ राहतं. तुमच्या मसुद्यात ही अट बॅज देणाऱ्या सदस्यांवर घाला, रजिस्ट्रीचा कोड बदलायचीसुद्धा गरज नाही.

कोरा कागद :

हे फार महत्त्वाचं आहे. फक्त एक पुरवणी, वाक्यासोबत पातळी आणि फ्रेमवर्कचं व्हर्जनही त्याच रकान्यात शब्दांत लिहा, नाहीतर पायवाटने सांगितलेला "देखरेखीखाली"चा घोळ तिथे परत होईल.

टाचणी :

दोन्ही घेतलं. सुधारित मसुदा बैठकीआधी इथेच टाकतो. तोवर कोणाकडे बॅज देणाऱ्यांसाठीच्या अटींचा नमुना असेल तर चिकटवा, आणि घारीचं घरटं, लॉग ठेवण्याच्या मुदतीबद्दल तुमच्याकडे काही लिखित धोरण असेल तर त्यातली संस्थेची नावं काढून मला व्यनि करा.